काडेपेटी घेऊन कोल्हापुरात

कोल्हापूरहून परत येणारे लोक गूळ आणतात, चपला आणतात, मसाला आणतात. मी लोकर आणायला गेलो होतो आणि जाताना खिशात काडेपेटी ठेवली होती. सिगरेट मी ओढत नाही. काडेपेटी कशाला, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोकं फिरल्यासारखं वाटेल.

नाशिकात आमचा आठ जणांचा गट आहे. कपड्यांवरच्या खोट्या लेबलांविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो आणि दुकानांच्या दाराशी उभं राहून वाटतो. ती लिहायचं काम माझं. विणायला मी धरण्यावर शिकलो. धरण्यावर घोषणा तासभर होतात, उरलेला दिवस नुसतं बसायचं असतं. आमच्या गटातल्या उषाताई, निवृत्त शिक्षिका, त्या वेळात विणत बसायच्या. एक दिवस त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि सुया दिल्या.

सध्या एका छोट्या स्कार्फचा नमुना ज्याच्या त्याच्या फोनवर फिरतोय. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता, गळ्याशी एक गाठ मारली की झालं. आम्ही ठरवलं, असे बारा विणायचे, प्रदर्शनात टेबल लावून विकायचे आणि प्रत्येकाला चिठ्ठी जोडायची: यात फक्त मेंढीची लोकर आहे, दुसरं काही नाही. मी ते पत्रकात छापलं. वाटूनही टाकलं.

मग एका बैठकीत उषाताईंनी सहज म्हणून धाग्याचं टोक मेणबत्तीवर धरलं. खरी लोकर पेटवली की केस जळाल्यासारखा वास येतो, ती आपोआप विझते आणि राख बोटात चुरगळते. आमची लोकर वितळली आणि तिचा काळा टणक मणी झाला. गुंड्याच्या कागदावर 'प्युअर वूल' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं होतं. तोवर चार स्कार्फ विणून झाले होते. लेबलांविरुद्ध गावभर ओरडणारे आम्ही महिनाभर प्लॅस्टिक विणत बसलो होतो.

उषाताई एवढंच म्हणाल्या, "लिहिलंस तू. आता आणायची पण तूच."

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. टेबल मागं घेतलं असतं, तर ज्यांच्या दाराशी आम्ही उभे राहतो त्यांनी आमचंच पत्रक आमच्या तोंडावर मारलं असतं. आणि बरोबरच केलं असतं.

शुक्रवार, मंगळवार पेठ

गटातल्या एका मित्राचे मामा मंगळवार पेठेत राहतात. बापूमामा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते माल तपासायला आहेत. मी दारात पिशवी टेकायच्या आत त्यांनी विचारलं, किती दिवस राहणार आणि मटण खातो का. कशाला आलास हे मात्र जेवण होईपर्यंत विचारलं नाही. आमच्याकडं पाहुण्याला आधी काम विचारतात, मग पाणी. मला ही मोकळीक जरा जड गेली. कुणी फार आपुलकी दाखवली की मी शोधायला लागतो, यात याचं काय आहे.

दुपारी बाजारात निघालो. पहिल्या दुकानात भिंतभर लोकर होती, पोपटी, राणी, भगवी. मेंढीची आहे का विचारलं, तर मालक म्हणाले, हाय की, आणि सात प्रकारचे गुंडे काउंटरवर ओतले. मी प्रत्येकातून बोटभर धागा मागून घेतला, दुकानाबाहेर पायरीवर बसलो आणि काडी ओढली. पहिला मणी. दुसरा मणी. तिसऱ्याला मालक बाहेर आले.

"पावणं, लोकर घ्याय आलाय का दुकान पेटवाय?"

मी त्यांना मणी दाखवले आणि लेबल वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते वरमतील. ते म्हणाले, लेबल कंपनी लावती, मी काय मेंढरू हाय व्हय अंगावर लोकर उगवाय, आणि ह्या भावात कुठलं मेंढरू येतंय ते मला बी दावा. आत दोन बायका लोकर निवडत होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, कुणासाठी पायजे. मी म्हणालो, मीच विणतो.

"बायकू न्हाय घरात?"

"लग्न झालेलं नाही."

"मग बरोबर हाय," ती दुसरीला म्हणाली, "आत्ताच शिकून ठेवलेलं बरं."

त्या हसल्या, मालक हसले. मी हसलो नाही. मला राग माझ्यावरच्या हसण्याचा नव्हता. समोर खोटी लेबलं पडली होती आणि त्या दुकानात तेवढी एकच गोष्ट कुणाला विनोदी वाटत नव्हती, कारण तिच्याकडं कुणी बघतच नव्हतं.

आणखी तीन दुकानं झाली. मण्यांची पुडी भरली. शेवटी एका घोंगड्यांच्या दुकानात खरा वास आला. पण त्या धाग्याला काहीतरी चोपडलेलं होतं, नख मारलं की पांढरं खरवडून निघायचं. वजन वाढवायला लावलेलं असणार, हे मी मनात ठरवूनही टाकलं. दुकानातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं की ती चिंचोक्याची खळ आहे, मागावर धागा तुटू नये म्हणून घोंगडं विणताना लावतातच. शिवाय सुटा धागा ते विकत नाहीत. तरी मी वहीत 'खळ' लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

रात्री जेवताना मी सगळी हकिकत सांगितली. मामींनी तिखट चालतं का विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तांबडा रस्सा वाढला. मामा माझे मणी तळहातावर घेऊन उलटेपालटे करत होते. म्हणाले, त्यांचंही आयुष्य संशय घेण्यातच गेलंय. भट्टीतून आलेल्या प्रत्येक बिडाच्या नगावर ते हातोडी मारतात. अखंड असेल तर खणखणतो, आत चीर असेल तर बद्द वाजतो.

"पर हातोडी कुठं मारायची ते कळाय पायजे," ते म्हणाले. "नवं पोरगं येतंय ते कुठंबी ठोकतंय आन् चांगला माल फेकतंय."

मला ते बोलणं आवडलं नाही. 

शनिवार, दूधकट्टा

पहाटे मामा मला दूध प्यायला घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, लोक रांगेत, आणि गवळी तिथंच धार काढून फेसाळलेला पेला हातात देतोय. दूध अजून कोमट. नाशिकात आम्ही पिशवीवरची बारीक अक्षरं वाचून दूध घेतो, त्यात काय काय किती आहे ते छापलेलं असतं. इथं अक्षर नाही, शिक्का नाही. म्हैस आहे. मी मामांना हळूच विचारलं, पाणी घालत नाहीत कशावरून. गवळ्याला ऐकू गेलं.

"म्हशीच्या पोटात शिरून घालू व्हय पावणं?"

रांगेतला एकजण खोकेपर्यंत हसला. मी मात्र पेला हातात धरून विचारात पडलो. म्हणजे या गावातले लोक माझ्याहून भोळे नव्हते. उलट त्यांना पाणी घातल्याचा इतका पक्का संशय होता की त्यांनी म्हशीलाच रस्त्यावर आणून उभं केलं होतं. मग लोकरीचं तसंच का करू नये? मेंढी समोर, कातरी समोर, धागा समोर.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, सोपं हाय. कोडोलीत त्यांच्या एका मित्राच्या रानात धनगरांनी मेंढरं बसवली होती. ऊस तुटला की शेतकरी मेंढ्यांचा कळप चार-सहा रात्री रानात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. मित्राला मामांनी लगेच फोन लावला. इतकी तत्परता बघून माझा स्वभाव गप्प बसेना. मी तोंडावर विचारलं, "मामा, यात तुमचं काही आहे का?"

"हाय की," मामा म्हणाले. "तू गेलास की मी झोपणार."

शनिवार दुपार, कोडोली

एसटीतून उतरलो तेव्हा हवेत गुऱ्हाळाचा वास होता. मामांच्या मित्रानं बांधावरून हात करून वाट दाखवली आणि ते पाणी पाजायला निघून गेले. तुटलेल्या उसाच्या फडात जाळीचं कुंपण, आत शे-दीडशे मेंढ्या, बाहेर एक तट्टू, दोन कुत्री आणि चुलीपाशी एक नवरा-बायको. तिचं नाव मायाक्का, त्याचं सिदूअण्णा. दोघं पन्नाशीच्या पुढचे. अण्णा उभ्यानंच टकळीवर लोकर कातत होते आणि तोंडानं मेंढ्यांना हाकारे घालत होते.

मी पिशवीतून सुया आणि अर्धवट विणलेला तुकडा काढला. इथं बायको आहे का, असं कुणी विचारलं नाही. कातणं पुरुषाचं काम आहे हे त्यांच्या लेखी सांगायची गोष्टच नव्हती. अण्णांनी तुकडा हातात घेतला, ताणला, उलटा केला आणि विचारलं, ह्यात ताणा कुठला, बाणा कुठला? मी सांगितलं, दोन्ही नाही, एकच धागा, तोच फास घेत पुढं जातो.

"एकच? मग एक तुटला की समदं गेलं की."

हो म्हणालो. त्यांना ते फार धोक्याचं वाटलं.

मी माझी अट सांगितली. सगळं माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. अण्णांनी मायाक्काकडं बघितलं, मायाक्कानं खांदे उडवले. मग त्यांनी एक काळी मेंढी धरली, कातरीनं पाठीवरची ओंजळभर लोकर उतरवली, मायाक्कानं ती बोटांनी विंचरून मोकळी केली, अण्णांनी कातली. मी क्षणभरही नजर हलवली नाही. काडी लावली. केसाचा वास, राख, चुरा. नाशिकहून निघाल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. तिथंच बसून मी वीस टाके घातले आणि हातभर पट्टी विणली. धागा जरा तेलकट होता, जाडाभरडा होता, पण खरा होता. पट्टी गळ्याला बांधली आणि जेवायला बसलो.

भाकरी, ठेचा आणि कांदा. पहिली भाकरी संपायच्या आत मान खाजायला लागली. दुसरीला मी पट्टीखाली बोट घातलं. मायाक्का बघत होती. शेवटी तिनंच गाठ सोडली आणि नवऱ्याला माझी मान दाखवली. लाल झाली होती.

"घोंगडं अंगाखाली घालायचं असतंय," ती म्हणाली, "गळ्यात बांधायचं न्हाय. गळ्याला जावळ लागतंय."

जावळ म्हणजे काय विचारलं. कोकराची पहिली कातरण. बाळाचं जावळ काढतात तसंच. मऊ असते, टोचत नाही, पण एका कोकराची जन्मात एकदाच निघते आणि निघते ती मूठभर. आहे का तुमच्याकडं, मी विचारलं. तिनं तट्टाच्या पाठीवरच्या गाठोड्याकडं नुसती मान हलवली. हाय, पर द्यायची न्हाय.

इथं मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण काही दिवसांनी मला ते थोडं बदलून आठवायला आवडेल.

"मी आल्या आल्या का नाही सांगितलंत?" मी म्हणालो. "आधी मान सोलू द्यायची, मग चांगली लोकर लपवलेली आहे म्हणायचं, म्हणजे भाव चढतो. असंच ना?"

अण्णांच्या हातातली टकळी फिरायची थांबली. एक कुत्रं उठून उभं राहिलं.  मायाक्का उठली, गाठोडं सोडलं आणि आतून एक धुवट फडकं आणलं. त्यात करड्या रंगाची लोकर होती. त्यातली एक चिमूट तिनं माझ्या डाव्या हातावर ठेवली आणि मघाच्या काळ्या मेंढीची चिमूट उजव्या.

"लाव काडी."

मी दोन्हीला लावली. दोन्हीला केसाचा वास आला. दोन्ही विझल्या. दोन्हींची राख चुरगळली.

"आता सांग. जावळ कुठल्या हातावर हुतं?"

हातावर दोन सारखे काळे डाग होते. डावा, हे मला ठाऊक होतं, पण ते तिनं ठेवताना बघितलं होतं म्हणून. काडेपेटीनं काहीच सांगितलं नव्हतं. चार दुकानं, पुडीभर मणी, मी त्या एका युक्तीवर कोल्हापूरभर न्यायाधीश होऊन फिरलो होतो, आणि मला हवी होती ती गोष्ट काडेपेटीला कळतच नव्हती.

"डोळं मीट," मायाक्का म्हणाली. मी मिटले. मानेवर जिथं लाल झालं होतं तिथं काहीतरी टेकलं, आणि मी दचकून मागं झालो. मग दुसरं काहीतरी टेकलं. मी डोळे उघडल्यावर ती अजून धरून होती. मला ते लागलंच नव्हतं.

"मानंला कळतंय," ती म्हणाली. "आन् भाव मी सांगितलाच न्हाय. भावाचं तूच बोलाय लागलाईस."

ते खरं होतं. मी आल्यापासून तिनं एकदाही कशाची किंमत सांगितली नव्हती.

मग अण्णांनी सांगितलं. लेकीला सातवा महिना आहे, पहिलंच बाळंतपण. बाळ पहिल्यांदा ज्याच्यावर निजायचं ते घोंगडं जावळाचं लागतं, आणि दोन वर्षांपासून मायाक्का एकेका कोकराची मूठ बाजूला ठेवत आली होती. अजून पुरेशी झालेली नव्हती. फडकं तिनं पुन्हा बांधलं. कडा दुमडून, चारही टोकं मोजून बांधावं तसं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलं तर चुकलं. च्या घे."

आमच्याकडं माफी मागितली की समोरचा तासभर ती मागायला लावतो. मी स्वतः तसाच आहे. चहा गुळाचा होता.

रविवार

हवी तशी लोकर सापडली होती आणि ती मला मिळणार नव्हती, मिळायलाही नको होती. आता हातात राहिली होती ती टोचणारी. अण्णांकडं साध्या लोकरीच्या खळ न लावलेल्या लडी तयार होत्या, काळ्या आणि भुऱ्या. मी त्या घेतल्या. या मात्र माझ्यासमोर कातलेल्या नव्हत्या. अण्णांनी विचारलं, काडी लावून बघणार का? मी एका लडीला लावली. सवय जात नाही. त्यांना राग आला नाही, उलट वास घ्यायला तेही वाकले.

मायाक्कानं लडी रिठ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगितल्या, एकदा नाही, तीनदा, म्हणजे टोच निम्मी होते. जाणार न्हाय, कमी हुईल, असं तिनं दोनदा बजावलं. पहिलं पाणी तिनं तिथंच काढून दाखवलं. ते चहासारखं निघालं. पुढच्या हंगामात कुठं भेटाल विचारलं, तर म्हणाली, मेंढरं जातील तिकडं. अण्णांनी फोन नंबर दिला आणि वर सांगितलं की उचललाच तर बोलू. मला असं उत्तर आवडत नाही. पण त्या नंबरावर कुणी मला खोटं आश्वासन दिलेलं नव्हतं, हेही खरं.

कोडोलीच्या स्टँडवरून उषाताईंना फोन केला. म्हणालो, खरी आहे, पण टोचते. तिकडून त्यांच्या सुयांचा आवाज येत होता.

"मग तसं लिही," त्या म्हणाल्या.

नाशिक

गटात भांडण झालं. दोघांचं म्हणणं, माल खरा आहे हे सांगितलं की पुरे, टोचतो हे कोण आपण होऊन सांगतं? मी म्हणालो, ज्या दुकानांविरुद्ध आपण उभे राहतो तीही हेच म्हणतात. शेवटी चिठ्ठी मी लिहिली, आणि माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ती लहान झाली: 'कोल्हापूर जिल्ह्यातल्या मेंढ्यांची लोकर. हाताने कातलेली. तीनदा धुतली आहे, तरी टोचते. कॉलरवरून बांधा.'

प्रदर्शनात पहिला दिवस वाईट गेला. लोक स्कार्फ उचलायचे, चिठ्ठी वाचायचे, आमच्याकडं बघायचे आणि पुढं जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नाशीच्या एका बाईंनी भुरा स्कार्फ घेतला. त्यांनी चिठ्ठी वाचलेली मी पाहिली होती. तासाभरानं त्या परत आल्या. स्कार्फ हातात होता, आणि मानेच्या एका बाजूला तो लाल पट्टा, जो मी लांबूनही ओळखला असता.

"अहो, हा खरंच टोचतो," त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठीकडं बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, वाचलं होतं मी. पण लिहिलेलं आहे म्हणजे तसं असेल असं कुठं वाटतं? मला वाटलं, वेगळं काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलंय. जाहिरात.

गेली तीन वर्षं मी खोट्या लेबलांवर लिहितोय. त्या खोट्यांनी काय केलं ते मला त्या बाईंच्या मानेवर दिसलं. लोक खोटं लेबल खरं मानतात ही माझी तक्रार होती. खरंही कुणी खरं मानत नाही, इथवर गोष्ट गेलीय हे मला माहीतच नव्हतं.

मी गल्ला उघडला आणि विचारलं, परत करायचाय का?

"छे," त्या म्हणाल्या, आणि शर्टाची कॉलर वर करून स्कार्फ तिच्यावरून बांधायला लागल्या. "खरं लिहिलंय, एवढं सांगायला आले."